भामाक्काच्या शब्दावर

मिरजेबाहेरच्या त्या ख्रिस्ती वसतिगृहात नवीन मूल आलं की पहिल्या दिवशी रडायचंच, आणि भामाबाई त्याला स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर बसवायच्या. "रड बाई, पोटभर रड. आमटीला मीठ कमीच पडलंय," असं म्हटलं की पोरगी नाक ओढत हसायची.

तिथं माण तालुक्यातल्या मेंढपाळांची मुलं जास्त. आईबाप मेंढरं घेऊन कृष्णाकाठानं हिंडणार. शाळा काही त्यांच्या मागं हिंडत नाही. ही मुलं बहुतेक भामाबाईंच्याच शब्दावर आलेली. त्या स्वतः म्हसवडकडच्या धनगराच्या. नवरा मिरजेच्या दवाखान्यात वारला, सासरी कुणी विचारीना, तेव्हा वसतिगृहाच्या अधीक्षिका रत्नमालाबाईंनी त्यांना स्वयंपाकाला आणलं. धर्माबद्दल अवाक्षर काढलं नाही. सिद्धनाथाच्या यात्रेहून भामाबाई खोबरं आणायच्या, तर रत्नमालाबाई त्याचा गुलाल पुसून खायच्या आणि म्हणायच्या, "तुमचा देव खोबरं मात्र निवडून देतो हो!" दोघींचं असं जमलेलं.

गावाकडचा बिराप्पा पोरीला धाडताना बिचकत होता. "अक्का, तितं बाटवत्यात म्हनं."

"मला एवढ्या वर्सात बाटवता आलं न्हाई त्यास्नी, तुझ्या पोरीला काय बाटवत्यात? मी हाय न्हवं तितं!"

मग त्याच्या बायकोनं, मायाक्कानं, सृष्टीच्या कपाळाला हळदीचा भंडारा लावला आणि पोरीचा हात भामाबाईंच्या हातात दिला. कळपातलं कोकरू दुसऱ्याच्या राखणीत देताना त्यांच्यात असंच हातात हात ठेवून देतात. त्या देण्याला साक्षीदार लागत नाही.

मध्यंतरी संस्थेनं बालसुरक्षेची समिती नेमली. सांगलीच्या एक वकीलबाई शिकवायला आल्या. मोठ्या माणसानं एकट्या मुलासोबत बंद दाराआड बसायचं नाही. मूल काही सांगू लागलं तर त्याला खोटं पाडायचं नाही, आपणच चौकशी करत बसायचं नाही. लगेच बाहेर कळवायचं, चाइल्डलाइनला, एक शून्य नऊ आठवर. समितीत भामाबाईंचंही नाव होतं.

"आवं बाई, मी कांदा चिरनारी. माझं काय काम त्यात?"

"मुलं तुमच्याशी बोलतात," रत्नमालाबाई म्हणाल्या. "माझ्याशी नुसतं गुड मॉर्निंग करतात."

नाताळच्या गाण्यांचा सराव सुरू झाला. पेटीवर शांतवनसर, रत्नमालाबाईंचे धाकटे भाऊ. सृष्टीचा गळा चांगला, म्हणून तिला पुढं उभी करायचे. एका शुक्रवारी ती सरावाला गेलीच नाही. स्वयंपाकघरात येऊन न सांगता वाटाणे सोलायला बसली.

"का गं? घसा बसला व्हय?"

"मावशी, मी गानार न्हाई."

"बरं. नको गाऊस."

अर्ध्या शेंगा सोलून झाल्यावर ती खाली बघतच म्हणाली, "सर बाकीच्यास्नी जा म्हनत्यात. मग दार लावत्यात. जवळ ओढत्यात मला. कुनाला सांगितलंस तर घरी धाडीन म्हनले."

भामाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. त्यांनी सृष्टीला पुढं काही विचारलं नाही. "बरं केलंस सांगितलंस. तुझं काय बी चुकलं न्हाई," एवढंच म्हणाल्या. वकीलबाईंनी शिकवलं होतं, तसंच.

पण पुढची पायरी त्या चुकल्या. वकीलबाईंचा नंबर मोबाइलमध्ये होता. पण रत्नमालाबाईंच्या पाठीमागं त्यांच्याच भावाचं गाऱ्हाणं परक्या बाईपाशी करायचं, हे त्यांना कसंसंच वाटलं. एवढे उपकार त्या बाईंचे. आधी त्यांच्या कानावर घालावं, असं म्हणून त्या ऑफिसात गेल्या.

रत्नमालाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग भामाबाईंचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "बरं झालं मला सांगितलंत. उद्या मी स्वतः वकीलबाईंना फोन करते. तोवर कुणाला बोलू नका हं, उगाच मुलीचं नाव खराब होईल."

भामाबाईंना हायसं वाटलं. सृष्टीचं अंथरूण त्यांनी आपल्याशेजारी घातलं आणि निर्धास्त झोपल्या. शनिवारी कुणी आलं नाही, तेव्हा मनाशी म्हणाल्या, सुट्टीचा दिवस, वकीलबाई गावाला गेल्या असतील.

रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या शेवटी रत्नमालाबाई उभ्या राहिल्या. त्या वसतिगृहात एक चाल होती: कुणाचं भांडण झालं तर सर्वांसमोर हात मिळवायचे, "क्षमा केली" म्हणायचं आणि विषय संपवायचा. भाजी जळल्यावरून भामाबाईंनीही एकदा पोळ्या लाटणाऱ्या बाईशी असा हात मिळवला होता, आणि दोघी नंतर पोटभर हसल्या होत्या. चांगलीच चाल ती.

"आपल्या एका मुलीचा सरांबद्दल गैरसमज झाला होता," रत्नमालाबाई म्हणाल्या. "सृष्टी, ये बाळा पुढे."

शांतवनसरांनी हात पुढं केला. पोरगी मागं वळून भामाबाईंना शोधत होती. भामाबाई उठल्या, पण पुढं जायला वाटच नव्हती. सगळी मुलं डोळे मिटून, माना खाली घालून दाटीवाटीनं बसलेली.

"म्हण बाळा, मी क्षमा केली."

सृष्टी म्हणाली. सगळा हॉल "आमेन" म्हणाला.

मुलं जेवायला पांगली तशा भामाबाई ऑफिसात शिरल्या. "बाई, तुमी फोन करनार हुता."

"भामाबाई, माझा भाऊ आहे तो. माझ्यासमोर रडला. आता असं नाही होणार."

"म्हंजे पोरगी खरं बोलती, ते ठावं हाय तुमास्नी. मग गैरसमज कुनाचा?"

रत्नमालाबाई खुर्चीत बसल्या. "बाहेर कळलं तर संस्था बंद पडेल. मग कुठं जातील ही सगळी मुलं? तुमच्याच गावाकडची आहेत ना? क्षमा करायला आम्हाला शिकवलंय, भामाबाई."

"केली कुटं तिनं? तुमी वदवून घेतली."

"मी तुमच्यावर इतका विश्वास टाकला, आणि तुम्ही—"

"म्हनून तर आदी तुमच्याकडं आले!" भामाबाई म्हणाल्या. "न्हाईतर शुक्रवारीच फोन केला असता."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि जेवणाच्या गडबडीतच त्यांनी एक शून्य नऊ आठ फिरवला. मग वकीलबाईंना. आपल्याला यातलं कुणी काहीच कळवलं नाही, असं वकीलबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चाइल्डलाइनची आणि पोलिसांची माणसं आली. साध्या कपड्यातल्या पोलीसबाई सृष्टीशी हळू आवाजात बोलल्या. शांतवनसरांना घेऊन गेले. दुपारपर्यंत बिराप्पा आणि मायाक्का पोचले. बिराप्पा भिंतीला टेकून खालीच बसला. मायाक्का भामाबाईंसमोर उभी राहिली.

"कवा कळलं तुला?"

"शुक्रवारी."

"आन फोन कवा केलास?"

"काल. बाई करते म्हनल्या हुत्या, म्हनून—"

"आमी पोरगी तुझ्या हातात दिली हुती अक्का. बाईंच्या न्हाई."

आईबापांबरोबर सृष्टी निघाली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात उचलला. मायाक्कानं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं.

जबाबाला भामाबाईंना चौकीवर बोलावलं. वऱ्हांड्यातल्या बाकावर रत्नमालाबाई रुमाल तोंडाला लावून बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मुलीनं तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही आधी कुणाला सांगितलंत?" आत पोलीसबाईंनी विचारलं.

"वसतिगृहाच्या अधीक्षिकांना," भामाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत रत्नमालाबाईंना त्यांनी असं परक्यासारखं कधी म्हटलं नव्हतं. मग म्हणाल्या, "आन त्यांच्या भरवशावर दोन दिस गप बसले. ते बी लिवा."