एक तास, बापाच्या छातीवर

लेकरांच्या वॉर्डात नोकरी केलेल्या कुठल्याही नर्सला चहाला बोलवा आणि गप्प बसवून दाखवा. जमणार नाही! लेकरं बरी होऊन घरी जातात, फायली माळ्यावर जातात, पण आईबापांचे किस्से मात्र आमच्याकडेच राहतात. परवा नांदेडला कॉलेजातल्या मैत्रिणी भेटल्या. त्यांना हे सांगता सांगता चहा दोनदा गार झाला, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

आधी माझ्याबद्दल सांगते, नाहीतर शेवटचं पटणार नाही. मी भोकरची. लातूरचा मोठा भूकंप झाला तेव्हा आठवीत होते. आमच्याकडे काही पडलं नाही, फळीवरची भांडी तेवढी वाजली. पण त्या आवाजानं माझ्या आत जे हललं, ते अजून जागेवर बसलेलं नाही. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते. अशा मुलीला पहिली नोकरी कुठं लागावी? लातूरला!

*

आमच्या इनचार्ज बिराजदार सिस्टर. निलंग्याकडच्या. भूकंपात त्यांचं अख्खं घर गेलं होतं, पण त्याबद्दल त्या कधी चकार शब्द काढायच्या नाहीत. फक्त वॉर्डातल्या औषधांच्या कपाटावर त्यांनी स्टीलचा एक पेला पालथा घातला होता आणि त्यावर दुसरा तिरका ठेवला होता. जमीन हलली की वरचा आधी पडणार! मधूनच एखादा बारका धक्का यायचा, त्यामुळे तेव्हा कितीतरी घरांत असं काहीतरी मांडलेलं असायचं.

माझ्या नोकरीचा तिसरा दिवस. पेला खणकन पडला.

मी थेट अंगणातल्या कडुलिंबाखाली! हातात थर्मामीटर. वळून बघते तर मागं कुणीच नाही. खिडकीत तीन आया आणि एक आजी माझ्याकडं बघून राहिलेल्या. त्यांच्यामधून बिराजदार सिस्टरांनी डोकं बाहेर काढलं.

"अय्यो, ये आत. मांजर होतं. गेलं ते."

दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "ज्यांची घरं पडली ती बसून राहिली आणि जिची भांडी वाजली ती पळाली!"

मला रडूच फुटलं. म्हटलं, ही नोकरी माझ्यानं होणार नाही.

"रडू नको. तुला काम देते. खरा धक्का आला तर सगळ्यांनी कडुलिंबाखाली जमायचं आणि माणसं मोजायची तू. तशीही सगळ्यांच्या आधी तूच पोचतेस!"

ही त्यांची पद्धतच होती. घाबरलेल्या माणसाला समजावत बसायचं नाही. त्याच्या हातात काम द्यायचं.

*

कोचिंग क्लासेसचं पेव फुटलं होतं ते हेच दिवस. क्लासची टेस्ट रविवारी, त्यामुळे पोटदुखीची पोरंही रविवारी सकाळीच यायची. नववीतल्या एकाला त्याची आई सलग तीन रविवार घेऊन आली. डॉक्टरांना काही सापडेना. बिराजदार सिस्टरांनी पोराला बाहेर बसवलं आणि आईच्या हातात कोरी वही दिली.

"आठ दिवस त्याला मार्क विचारायचे नाहीत. विचारावंसं वाटलं की वहीत एक रेघ मारायची."

पुढच्या रविवारी बाई एकटीच आली. वहीची सहा पानं रेघांनी भरलेली!

"सिस्टर, त्याचं पोट लई झकास हाय. आता माझं दुखायलंय!"

*

आणि मग आले सूर्यवंशी सर. एका क्लासमध्ये गणित शिकवायचे. दोनशे पोरं त्यांच्यासमोर श्वास रोखून बसायची म्हणे. त्यांचं बाळ दोन महिने आधीच जन्मलं. वजन चौदाशे ग्रॅम. माझ्या ओंजळीत मावेल एवढं.

इतक्या बारक्या बाळाला स्वतःची ऊब धरता येत नाही. ऊब कमी पडली की ते दूध ओढत नाही, वजन उतरतं आणि मग काही खरं नसतं. ऊब देणारं मशीन वॉर्डात एकच. त्यात आधीच दोन बाळं, शिवाय लाइटचा भरवसा नाही. म्हणून बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायचं, एकेका वेळी निदान एक तास. पण त्याच्या आईला, ज्योतीताईंना, सिझरनंतर ताप. त्या सकाळचं कसंबसं करायच्या. दुपारचं कोण करणार?

"सर, शर्ट काढा," बिराजदार सिस्टर म्हणाल्या.

"इथं?"

"नाही, क्लासमध्ये जाऊन काढा!"

सर बसले. दहाव्या मिनिटाला उठले. बॅच आहे म्हणाले आणि बाळ माझ्या हातात देऊन निघाले. मी मागं गेले तर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे.

"सिस्टर, श्वास घेताना माझी छाती हलते. त्याला काही झालं तर?"

भीती कशी दिसते ते मला कुणी सांगायला नको होतं. मी जाऊन बिराजदार सिस्टरांच्या कानात सांगितलं.

त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, "तुमच्या टेस्टला वेळ संपायच्या आधी पोरांना उठू देता का?"

"मुळीच नाही!"

"मग बसा. एक तास."

सरांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोरच्या स्टुलावर ठेवलं आणि बसले.

*

बाळाच्या वजनाचा तक्ता भरायचं कामही सरांकडंच दिलं. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि भिंतीवर आलेखाचा कागद चिकटवला! अठराशेवर लाल रेघ मारली, कारण अठराशे झाल्याशिवाय घरी सोडणार नव्हते.

एके दिवशी वजन पाचच ग्रॅम वाढलं. सर छातीवरच्या बाळाला हळूच म्हणाले, "बेटा, कालच्यापेक्षा कमी आहे. उद्या सुधारणा पाहिजे."

खाटेवरून ज्योतीताई म्हणाल्या, "अहो, आधी त्याचं नाव तरी ठेवा, मग नापास करा!"

*

सरांची आई रेणापूरहून आली आणि दारातच थबकली. "अगं बाई! बाप्यानं लेकरू छातीला बांधायचं? गावात कळलं तर लोक काय म्हनतील?"

आता भांडण होणार म्हणून मी बाहेर सटकायच्या बेतात. बिराजदार सिस्टरांनी आजींना दारातच स्टूल दिलं. "आजी, हात धुतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. जिम्मेदारी तुमची."

अर्ध्या तासानं बघते तर आमचे मोठे डॉक्टर दारात उभे, दोन्ही हात पुढं करून.

"दुसरी बाजू बी दाव," आजी म्हणत होत्या.

*

त्या दिवशी सकाळी वजन सतराशे साठ भरलं होतं. दुपारचे सव्वातीन वाजलेले. पेला पडला.

मांजर नव्हतं. खिडक्यांच्या काचा वाजत होत्या.

कडुलिंबाखाली अर्थातच मी पहिली! मागून सगळे आले. आया, लेकरं, आजी आणि मशीनमधली दोन्ही बाळं छातीशी धरून बिराजदार सिस्टर. मी मोजायला लागले. लेकरं नऊ हवीत. आठ भरली. पुन्हा मोजली. आठच!

ज्योतीताई टाके धरून खालीच बसल्या. "हे कुठं हायत? माझं लेकरू कुठं हाय?"

बिराजदार सिस्टरांचे दोन्ही हात अडकलेले. त्यांनी माझ्याकडं फक्त बघितलं.

मी पळाले. पहिल्यांदाच उलट्या दिशेनं!

आत पोपडे पडले होते, बल्ब झोके घेत होता. खुर्चीत सूर्यवंशी सर उघडेबंब बसलेले. छातीला बाळ बांधलेलं, वरून शाल, एक हात त्याच्या पाठीवर, नजर स्टुलावरच्या घड्याळावर.

"सर! चला! उठा!"

"हळू बोला, सिस्टर. आत्ताच डोळा लागलाय त्याचा." आणि मग, घड्याळावरची नजर न काढता, "अजून बारा मिनिटं आहेत."

जमीन थांबली होती. बाहेरून बिराजदार सिस्टरांची हाक आली, "अगं, मोजलंस का?"

मी खिडकीशी गेले. कडुलिंबाखालून सगळी जणं माझ्याकडं बघत होती. ओरडले असते तर बाळ जागं झालं असतं. मी नऊ बोटं वर केली.

मग परत आले, घड्याळ उचलून हातात घेतलं आणि स्टुलावर बसले.

"अकरा, सर."