भिंतीवरून आलेली नळी
प्लंबरनं पाइप चिकटवायच्या सोल्युशनच्या डबीचं झाकण उघडलं, तो उग्र वास आला आणि मला बाळापूरचं आमचं अंगण आठवलं. तिथं आमचा गंजका पाइप गळायचा, शेजारच्या काकूंची भिंत भिजायची आणि त्यावरून आईचा नि काकूंचा वर्षभर अबोला होता. शेवटी आईनं पाइप बदलायला काढला. जुना कापून झाला, नव्याचे सोल्युशननं चिकटवलेले जोड अजून वाळायचे होते आणि आठ दिवसांतून एकदा येणारं नळाचं पाणी नेमकं तेव्हाच आलं. आमचे ड्रम कोरडे. आई पायरीवर बसून राहिली. तेवढ्यात भिंतीवरून पाण्याची वाहती नळी आमच्या अंगणात पडली. "काहून बसल्या? आधी तुमचं भरा," पलीकडून काकू म्हणाल्या. पहिला ड्रम भरल्यावर नळी दुसऱ्यात सोडत आई म्हणाली, "आता तुमची भिंत न्हाई भिजायची." आज प्लंबर गेल्यावर मी शेजारणीला उगाचच चहाला हाक मारली.