टोक नसलेला स्वेटर

स्वेटरवाल्या काकूंच्या स्वेटरचं टोक सापडत नाही, ही त्यांची ख्याती. शेवटचा टाका बंद करून उरलेला धागा त्यांनी कुठे लपवला, ते कितीही उलटंपालटं केलं तरी कळायचं नाही. गल्लीतल्या बायकांनी पैजा लावून पाहिल्या. शेजारीच राहणाऱ्या जाऊबाईंचं आणि काकूंचं विळ्याभोपळ्याचं सख्य, त्यांनी तर भिंग घेऊन शोधलं आणि शेवटी "धागा गिळतेस की काय?" म्हणत हात टेकले. हे गुपित काकूंनी आयुष्यात एकीलाच सांगितलं. लेक सात वर्षांची होती. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "डाव्या काखेत, आतून. कुणाला सांगायचं नाही हं."

ती लेक आता सव्वीस वर्षांची आहे आणि चार महिने मनोरुग्णांच्या वॉर्डात आहे. तिने दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. काकू हे कुणापुढे बोलत नाहीत. "तब्येत बरी नाही" म्हणतात आणि ऐकणारेही तेवढ्यावरच सोडतात. लोकांना तरी कुठे सगळं ऐकायचं असतं! दर रविवारी काकू जायच्या, लेक खिडकीकडे बघत बसायची. काकू बोलायच्या आणि काकूच उत्तरं द्यायच्या. अशाच एका रविवारी ती आपणहून म्हणाली, "आई, इथे थंडी वाजते. तुझ्या हातचा स्वेटर आण ना."

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. घरी येऊन चपला न काढताच त्यांनी लोकरीचा खोका उघडला. मऊ निळी लोकर, लेकीला टोचते म्हणून कॉलर नाही, हात सतत गार पडतात म्हणून दोन खोल खिसे. दोन आठवड्यांत स्वेटर तयार. वॉर्डाच्या सिस्टरनी तो दारातच परत केला. बटणं चालत नाहीत. काकूंनी बटणं काढली, पुढची बाजू विणून बंद केली. तोही परत.

"काकू, विणलेलं काहीच नको. उसवलं की नुसती दोरी होते."

"मी विणलेलं कुणालाही उसवता येत नाही," काकू ताठ मानेने म्हणाल्या.

"तुमच्या मुलीलाही नाही?"

कान सोनारानेच टोचावे म्हणतात. हे टोचणं मात्र थेट काळजापर्यंत गेलं. समोरून दोन बस निघून गेल्या तरी काकू थांब्यावर बसूनच होत्या.

विणणाऱ्या बाईने करू नये असं एकच पाप असतं, ते म्हणजे लोकर उकळणं. उकळून बडवली की लोकर आटते, धागे एकमेकांत घुसून एकजीव होतात आणि मग देवालाही ते उसवता येत नाहीत. तीस वर्षं काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आल्या होत्या, "गार पाणी बरं का, गार पाणी!" आता त्यांनी मुद्दाम दीडपट मापाचा स्वेटर विणला.

"हत्तीला घालणार आहेस का गं?" जाऊबाईंनी विचारलं. काकू मान खाली घालून विणतच राहिल्या, तेव्हा जाऊबाई घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी काकूंनी मोठ्या पातेल्यात साबणाचं पाणी उकळलं आणि स्वेटर आत सोडला. काठीने ढवळला, बाहेर काढून बडवला, गार पाण्यात बुचकळून पुन्हा उकळला. जाऊबाई दारातून ओरडल्या, "अगं, वेड लागलं का तु..." आणि त्यांनी जीभ चावली. मग बाह्या वर सारून त्यांनीही एक काठी घेतली. दुपारभर दोघी जावा बडवत होत्या, आयुष्यात पहिल्यांदाच न भांडता.

निघालं ते जाड आणि निबर, एकही टाका दिसेना. काकूंना ते बघवेना. सिस्टरनी मात्र आतल्या शिवणीजवळ जरा कात्री लावली, ओढून पाहिलं आणि "चालेल" म्हणाल्या.

लेकीने स्वेटर घातला. माप अगदी नेमकं बसलं होतं. काकूंनी तिच्या खांद्यावरून हात फिरवला. "जरा टोचेल. धुताना पाणी गरम झालं बघ, माझाच वेंधळेपणा."

लेकीचं लक्ष नव्हतं. तिचा उजवा हात स्वेटरच्या आतून डाव्या काखेत गेला होता. बोटं चाचपत होती, सावकाश, काकूंनी शिकवलं होतं तशी. पुन्हा पुन्हा. मग ती थांबली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"टोक कुठंय, आई?"

"नाही ठेवलं."

लेकीने स्वेटर काढला. बाह्या आत घेऊन नीट घडी घातली आणि आईच्या मांडीवर ठेवली. "घेऊन जा. मला थंडी वाजत नाही."

चार महिन्यांत पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि ती ऊब नव्हती. काकूंना हे कळलं आणि रडूसुद्धा आलं नाही. घडी छातीशी धरून त्या दारापाशी आल्या.

"का हो काकू, बसला नाही का?" सिस्टरनी विचारलं.

"नाही," काकू म्हणाल्या. "मापात चुकलं माझं."