वर्षाराणी जड लिहायला शिकली

निलंग्याजवळच्या खेड्यातली वर्षाराणी लातूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांवर पीएच.डी. करायची. बाजाराच्या दिवशी ती त्यांच्याशेजारी पोत्यावर बसून त्यांचं बोलणं ऐकायची. पहिल्या प्रकरणात तिनं लिहिलं, 'बायका स्वतः बाजारात येतात, कारण नवऱ्याहाती भाजी पाठवली तर पैसे घरी पोचत नाहीत.'

मार्गदर्शक विरूपाक्ष सरांनी वाचून चष्मा काढला. "हे सगळं समजायलंय."

"हाव सर," ती खूश होऊन म्हणाली.

"तीच अडचण हाय. परीक्षकाला समजलं की तो प्रश्न विचारतो. न्हाई समजलं तर मान डोलावतो."

वर्षाराणी घरी येऊन रडली आणि मग लिहायला बसली. तेच वाक्य आता असं झालं: 'विपणन-अवकाशातील स्त्रीसहभाग हा कौटुंबिक अर्थगळतीचा प्रतिरोधात्मक आविष्कार होय.' परीक्षक "फार सखोल" म्हणाले आणि जेवणाची चौकशी करू लागले. वर्षाराणी डॉक्टर झाली, पुढं त्याच कॉलेजात कायमही झाली.

पण हाताला वळण लागलं ते लागलंच. साधं वाक्य लिहिलं की तिला चारचौघांत अनवाणी उभं राहिल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी गावाकडून फोन आला. तिची आई साखराबाई न्हाणीत घसरली होती, पाय मोडला होता. वर्षाराणीनं प्राचार्यांना घाईघाईनं रजेचा अर्ज पाठवला: 'मातृसंस्थेच्या आधारस्तंभास उद्भवलेल्या भंगावस्थेमुळे तातडीचा हस्तक्षेप अनिवार्य आहे.'

प्राचार्यांनी अर्ज दोनदा वाचला, वर्ग रिकामे करवले आणि इंजिनिअरला बोलावलं. मग वर्षाराणीला फोन लावला. ती निलंग्याच्या एसटीत होती.

"मॅडम, कुठला खांब?"

"खांब न्हाई सर. माय पडली माझी."

"मग तसं लिहायचं ना."

"नुसतं तेवढंच कसं लिहायचं, सर?" तिनं अगदी मनापासून विचारलं.

इंजिनिअर आलाच होता, त्यानं खांब तपासून घेतले. ग्रंथालयाच्या दोन खांबांना खरोखरच तडे निघाले. मायचा पाय प्लास्टरमध्ये घालून वर्षाराणी परतली, तोवर संस्थेनं तिचा सत्कार ठरवला होता. अध्यक्षांनी तिला शाल पांघरवली आणि दोन शब्द बोलायला सांगितलं.

"माझी माय पडली होती," वर्षाराणी म्हणाली. "मला सुटी पाहिजे होती."

 सभागृहात टाळ्या सुरू झाल्या, त्या थांबेनात. पहिल्या रांगेत विरूपाक्ष सर शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले, "माय म्हणजे संस्था बरं का. लई खोल बोलली."