एक नंबर कुणाचा

बातमी आली तेव्हा मी त्यांनाच फोन लावायच्या बेतात होतो. घरचं इंटरनेट सकाळपासून बंद होतं. अशा वेळी खोक्याची वायर काढून पुन्हा लावायची आणि तरीही जमलं नाही तर सुजाताबाईंना विचारायचं, एवढंच तांत्रिक ज्ञान मी निवृत्तीनंतर जपून ठेवलं आहे. वायर काढून लावून झाली होती. तेवढ्यात फोनच वाजला. इंदापूरहून त्यांचा भाऊ बोलत होता. "सर, ताई गेली… झोपेतच." जे सगळेच म्हणतात ते मी म्हणालो आणि फोन ठेवला. खोक्यावरचा दिवा मधेच कधीतरी आपोआप हिरवा झाला होता. आता त्याचं मला काही करायचं नव्हतं.

याला काही आठवडे झाले. या काळात सुजाता रणदिवे यांच्याविषयी बरंच छापून आलं. 'माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील दीपस्तंभ' असा एक मथळा मी पाहिला. बाईंनी तो वाचला असता तर दीपस्तंभाला वीजजोडणी कुणी दिली, एवढंच विचारलं असतं. त्यांचं मोठेपण मला ज्या एका प्रसंगात दिसलं तो कुठल्याच बातमीत आला नाही. त्यात दिवे लागले नव्हते, नारळ फुटला होता आणि समारंभ पुरता फसला होता, हे त्याचं कारण असावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. सुजाताबाई संगणक शिकवायला आल्या त्या तासिका तत्त्वावर, म्हणजे वर्षभर काम करायचं आणि सुट्टी लागली की आपण या जगात नाही असं समजायचं. माहेर लासुर्ण्याचं. वडील साखर कारखान्यात वायरमन. बाई लहानपणी त्यांच्या सायकलवर पुढे बसून वस्त्यावस्त्यांवर दिवे लावायला जात. "दादा खांबावर चढले की मी खालून सांगायचे, आला!" असं त्या सांगत. पुढे आयुष्यभर त्यांनी साधारण हेच केलं, फक्त खांबावर स्वतः चढल्या.

त्यावेळी कॉलेजातले संगणक एकमेकांना जोडले गेले होते, पण प्रत्येकाला त्याचा नंबर हातानं द्यावा लागे. आयपी अॅड्रेस असं त्याचं नाव. असतो तो टिंबांनी जोडलेल्या चार संख्यांचा, पण पहिले तीन सगळ्यांचे सारखेच, म्हणून शेवटचा आकडा तेवढा लोकांच्या तोंडी. एकच नंबर दोन संगणकांना पडला की दोघेही रुसत आणि कुणाचंच काम होत नसे. म्हणून प्रत्येक पडद्याच्या कपाळावर नंबराची चिठ्ठी डकवलेली असे. इथवर ठीक होतं. पण आपल्याकडे आकडा दिसला की त्याचा मान व्हायला वेळ लागत नाही. जत्रेत पहिला नारळ कुणाचा यावरून जिथं वर्ष वर्ष बोलणं बंद असतं, तिथं एक नंबर कुणाचा हा प्रश्न तांत्रिक कसा राहणार? प्राचार्यांनी नंबर सेवाज्येष्ठतेनुसार लावायला सांगितले. भूगोलाला सहा आणि इतिहासाला सात नंबर गेला, तर इतिहासाच्या प्रमुखांनी आठवडाभर संगणक चालूच केला नाही. तसा तो एरवीही बंदच असे, पण आता त्याला निषेधाचा दर्जा आला.

मग नवी प्रयोगशाळा मंजूर झाली आणि पुण्याहून एक मोठा स्विच आला. सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात ती पेटी. बाईंच्या मनात होतं की नंबर वाटण्याचं कामही या पेटीनंच करावं. पेटी घेऊन आलेला पुण्याचा तंत्रज्ञ हसला. म्हणाला, "मॅडम, हिच्यात तसली सोय नसते. वेगळा सर्व्हर घ्यावा लागेल." पेटीबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तिका प्राचार्यांनी माझ्याकडे जमा केली होती आणि कुणी उघडत नाही या एकाच निकषावर मी ती धर्मग्रंथांच्या कपाटात ठेवली होती. बाईंनी ती घरी नेली. चार-पाच दिवसांनी परत आणली तेव्हा तिच्या पानांत एसटीची तिकिटं खुणेला घातलेली होती. "आहे, सर. सोय आहे," म्हणाल्या. विजय मिळाला की त्यांचा आवाज मोठा होत नसे, फक्त पदर जरा नेटका होई.

ती सोय कशी चालते हे त्यांनी मला ग्रंथालयात चहा पिताना समजावलं. समजावलं म्हणजे सोंगं वठवूनच. "संगणक चालू झाला की तो ओरडतो, कुनी हाय का? स्विच म्हणतो, हाय की. ह्यो नंबर मोकळा हाय, घेतो का? संगणक म्हणतो, घेतो. स्विच म्हणतो, घे मग, पर कायमचा न्हाय हां. येळ सरली की पुन्यांदा इचारायचं." मी विचारलं, "आणि कोण आहेस, कुठून आलास, हे विचारत नाही?" त्या म्हणाल्या, "कशाला? आला म्हणजे आपलाच." सुप्याची, लोणी भापकरची मुलं पहिल्या एसटीनं येऊन प्रयोगशाळेच्या दाराशी बसलेली असत. त्या मुलांनाही बाईंचा हाच नियम होता.

प्राचार्यांना मात्र हे रुचलं नाही. ते विद्वान होते आणि मानाचे भुकेले होते. मिळालेल्या शाली ठेवायला त्यांच्या केबिनमध्ये वेगळं कपाट होतं. "निदान पहिले दहा नंबर तरी राखून ठेवा," असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. बाई म्हणाल्या, "सर, एक स्विचचा स्वतःचा आहे. तो दाराचा नंबर. इथून बाहेर, म्हणजे ग्रंथालयाकडच्या शाखेवर, जायचं तर प्रत्येकाला त्याच दारातून जावं लागतं. दोन प्रिंटरचा. बाकी जो येईल त्याचा."

"प्रिंटरला राखीव आणि प्राचार्यांना नाही?"

"प्रिंटर जागचा हलत नाही, सर. ज्याला हवा त्याला तो तिथंच सापडावा लागतो."

प्राचार्य निघून गेल्यावर मी त्यांना म्हटलं, "बाई, तुमच्या पूर्णवेळ नेमणुकीची फाइल त्यांच्या टेबलावर आहे. दहा नंबरांनी काय बिघडतं?" त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाल्या, "सर, माझ्या आजीनं पाण्याला कधी जायचं, कुठं थांबायचं, कुणाच्या मागं, हे सगळं ती जन्मायच्या आधीच ठरलेलं होतं. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला आणि घरापुरतं ते मोडलं. आता मी निर्जीव यंत्रांना रांग लावून देऊ होय? आणि तीही दुसऱ्याच्या सांगण्यावरून?" एवढं बोलून त्या कप विसळायला गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही.

उद्घाटन संस्थेच्या अध्यक्षांच्या हस्ते होतं. सगळे त्यांना तात्या म्हणत. घराणं पूर्वी मेंढरं राखणारं, आता ऊस आणि संस्था. सूत्रसंचालन नेहमीप्रमाणे माझ्याकडे, कारण ज्याला पुस्तकं ठेवता येतात त्याला बोलता येतंच, असा आपल्याकडे समज आहे. आदल्या दिवशी सगळं चालवून पाहिलं होतं. तात्यांनी प्रयोगशाळेत बसून एक कळ दाबायची आणि दूर ग्रंथालयातल्या माझ्या संगणकावरची पुस्तकांची यादी त्यांच्यासमोर उमटायची, असा बेत. नारळ फुटला, फीत कापली गेली. प्राचार्यांनी भाषणात जाहीर केलं की, एक क्रमांकाचा संगणक माननीय अध्यक्षांच्या नावे कायमचा राखून ठेवण्यात आला असून तो प्राचार्यांच्या केबिनमध्ये हार घालून सज्ज आहे. टाळ्या झाल्या. बाईंनी चमकून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात तात्यांनी कळ दाबली.

पडद्यावर वाळूचं घड्याळ आलं आणि तिथंच राहिलं. तात्यांनी पुन्हा दाबली. शेजारच्या संगणकावर तेच, पलीकडच्या रांगेतही तेच. मी माइकवरून विज्ञानाच्या प्रगतीविषयी बोलू लागलो. विज्ञान त्या वेळी ठप्प होतं. बाईंनी स्विचला आपला संगणक जोडला, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. ती वाचून त्या सरळ उभ्या राहिल्या. मी त्यांच्या जवळच होतो, म्हणून प्राचार्यांची कुजबुज मलाही ऐकू आली. "लाइटचं कारण सांगा. फाइल माझ्याकडे आहे, विसरू नका."

लाइटचा थोडा संबंध होताच. सकाळी वीज गेली तेव्हा स्विच बंद पडला. केबिनला इन्व्हर्टर होता. प्राचार्यांनी तेवढ्या वेळात स्वतः बसून त्या हारवाल्या संगणकाला एक नंबर घातला. दाराचा नंबर त्या घडीला मोकळाच दिसत होता, त्यामुळे संगणकानंही तो घेतला. मग वीज आली, स्विच उठला आणि एका घराचे दोन दरवान झाले. बाहेर जाऊ पाहणारी कॉलेजातली प्रत्येक गोष्ट आता प्राचार्यांच्या केबिनमध्ये जाऊन अडकत होती. हे तसं नवीन नव्हतं, पण डोळ्यांना पहिल्यांदाच दिसत होतं.

"काय झालं गं पोरी?" तात्यांनी विचारलं.

लाइट म्हटलं असतं तर फाइल बचावली असती. सगळ्यांना तेच हवं होतं, मलासुद्धा. बाई म्हणाल्या, "तात्या, एक नंबर दोघांनी धरलाय. एक ह्या पेटीनं…"

"आन दुसरा?"

"दुसरा तुमच्या नावाच्या संगणकानं. तो नंबर काढला तरच सगळं चालेल."

प्राचार्य पुढं झाले, "तात्या, मॅडम नवीन आहेत, त्यांना…" तात्यांनी हात वर केला. बाईंना म्हणाले, "ह्यो एक नंबर करतो काय?"

"दाराशी बसतो, तात्या. येईल त्याला आत घेतो, जाईल त्याला वाट देतो."

"आन बाकीच्यांचं नंबर?"

"मोकळी जागा असेल ती मिळते."

तात्या हसायला लागले. "आरं, मग ही तर वाघर झाली की! मेंढरं वाघरीच्या जाळ्यात शिरत्यात तवा हितं तू बस, तितं तू बस, आसं सांगतंय का कोन? जे आलं ते बसलं. तोंडाशी मानूस तेवढा लागतो. धा वर्सं मी बसलोय तोंडाशी थंडीत." मग प्राचार्यांकडे वळले. "प्राचार्यसाहेब, म्या मागितला व्हता का ह्यो मान? राखनदाराचं काम मला पुन्यांदा लावताय व्हय? काडा माझं नाव. ह्या वयात मला थंडी सोसत न्हाय."

सगळी प्रयोगशाळा हसली. हशात प्राचार्यही सामील झाले, त्यांना दुसरा मार्ग नव्हता. बाई केबिनकडे गेल्या, हार बाजूला केला, लिहिलेला नंबर पुसून 'आपोआप घे' या चौकोनात खूण केली आणि परत आल्या. तात्यांनी कळ दाबली. यादी उमटली. मेंढीपालनावरचं एक पुस्तक त्यांनी शोधलं आणि ते जागेवर असल्याचं पडद्यावर दिसलं. हे मी अभिमानानं नमूद करतो, जरी ते पुस्तक तोवर कुणी कधीच नेलेलं नव्हतं.

केबिनमधल्या त्या संगणकाला त्या दिवशी त्रेचाळीस नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बाईंना बोलावून अगदी खासगी स्वरात विचारलं, "हा जरा कमी करता येईल का?" बाई म्हणाल्या, "सकाळी लवकर या, सर." यात टोमणा नव्हता. यंत्राचा नियमच तसा होता आणि तो त्यांनी जसाच्या तसा सांगितला. पुढे कधी आम्हाला लवकर पोचायचं असलं की आम्ही दोघं एकमेकांना हेच वाक्य म्हणायचो.

फाइल त्या वर्षी सरकली नाही. पुढच्या वर्षी सरकली, आणि ती तात्यांच्या शब्दानं सरकली नाही याचा बाईंना जास्त आनंद होता. मुलाखतीत त्या पहिल्या आल्या होत्या. मग पुढची वीस-बावीस वर्षं त्यांनी काय केलं ते इंदापूर-बारामती पट्ट्यातल्या शाळांत, दूध संकलन केंद्रांत, दवाखान्यांत जाऊन पाहावं. लोणी भापकरच्या शाळेत त्यांनी वायरी ओढल्या तेव्हा शिडी मुख्याध्यापकांनी धरली होती. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आज कुठकुठल्या देशांत ही कामं करतात. मला बाईंचा अभिमान आहे, हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी विषय बदलला असता.

गेल्या आठवड्यात कॉलेजनं शोकसभा ठेवली, त्याच प्रयोगशाळेत. बारामतीहून पोचेपर्यंत मला उशीर झाला. पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर मान्यवरांच्या नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि मान्यवर अजून यायचे होते. लासुर्ण्याहून आलेले दादा, बाईंचे वडील, काठी टेकून मागं दाराशी उभे होते. कुणीतरी धावपळ करून त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहायला घेतली. "आसू द्या, हितं बरं हाय," ते म्हणाले. तेव्हा आताच्या विभागप्रमुख उठल्या. बाईंची विद्यार्थिनी, सुप्याची. त्या काही न बोलता पहिल्या रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, सगळ्या चिठ्ठ्या काढून मुठीत चुरगळल्या आणि दादांना म्हणाल्या, "या दादा, बसा कुठंही."

दादा बसले. कोपऱ्यात तो स्विच आता नाही, त्याच्या जागी नवा आहे. पण "मॅडमची मांडणी तशीच ठेवलीय," असं त्या सुप्याच्या मुलीनं मला सांगितलं. एक दाराचा, दोन प्रिंटरचा, बाकी जो येईल त्याचा. मी खिशातला फोन काढला. मी कोण, निवृत्त होऊन किती वर्षं झाली, इथं माझं आता काय काम, यातलं काही न विचारता त्याला कॉलेजच्या वायफायवर नंबर मिळालेला होता. फोनच्या सेटिंगमध्ये खोलात शिरून तो कुठं दिसतो हे बाईंनीच मला एकदा शिकवलं होतं. पाहिला. एकशे चार.

बरोबरच होतं. मी उशिरा पोचलो होतो.