ओमावारी-सानची सुट्टी

ओजिमात आमच्या इमारतीसमोर पोलीस चौकी आहे. तिथल्या एका शिपायाला मी ओमावारी-सान म्हणते; गस्तीच्या पोलिसाला इथे जपानीत सगळे तसंच म्हणतात. रात्रपाळी संपली की तो सकाळी सायकल बाहेर काढतो. तेवढ्यात कुणी पत्ता विचारला, की सायकल पुन्हा स्टँडवर. फोनवर बोलतानाही तो कमरेत वाकतो.

मुंबईत मी बँकेच्या युनियनमध्ये होते. पाळीचा एवढा घोळ आम्ही खपवून घेतला नसता. एकदा न राहवून विचारलं, "तुमची युनियन काहीच बोलत नाही?"

"ओकुसान, पोलिसांना युनियनची कायद्यानेच बंदी आहे," तो हसून म्हणाला; ओकुसान म्हणजे बाईसाहेब. "पाळी वरून ठरते." मग हळूच म्हणाला, "मुलीच्या शाळेचे खेळ दर वर्षी हुकतात. या शनिवारी सुट्टी मिळाली आहे. बघू."

नेमका शनिवारी सकाळी माझा ट्रेनचा पास हरवला. चौकीत गेले, तर तो निघतच होता. मला बघून थबकला.

"काय झालं, ओकुसान?"

"पास हरवला. पण तुम्ही जा हो!"

त्याने आत टेबलाशी बसलेल्या त्याच्या साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खोल वाकला. "माफ करा. माझी सुट्टी सुरू झाली. साहेब तक्रार घेतील." सायकलवर बसून तो निघाला, वळून न बघता.

मी सुस्कारा सोडला. साहेबांनीही सोडला.

"गेला एकदाचा," ते म्हणाले. "बसा. पास कुठे हरवला?"