रुमालाखालचा भाव आणि माझी विलायतेची पदवी

विलायतेला जाऊन व्यापार शिकायचं मी का ठरवलं, याचं खरं कारण सांगतो. मला घोडे आवडत नाहीत. शिलेदाराच्या घरात जन्मलेल्या माणसाने हे बोलू नये, पण तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या आबांची सगळी नोकरी सरकारी पागेत गेली आणि तिथल्या कारभाऱ्यांकडे त्यांनी माझ्यासाठी कारकुनाची जागा बोलूनही ठेवली होती. तेवढ्यात हुजुरांकडून परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या जाहीर झाल्या. त्यात व्यापारशास्त्राची एक होती. तिला अर्ज करणारा मी एकटाच निघालो, कारण बडोद्यात बाकी सगळ्यांना बॅरिस्टर व्हायचं होतं.

करार साधा होता. दोन वर्षं लंडनला राहायचं, वरची पदवी घ्यायची आणि परत येऊन संस्थानच्या व्यापार खात्यात अधिकारी व्हायचं. मात्र पहिल्या वर्षाअखेर घसरलो, तर मिळेल त्या बोटीने परत आणि थेट पागेत. हे वाचल्यापासून मला स्वप्नातसुद्धा घोड्यांच्या चंदीचा वास यायला लागला.

आबा म्हणाले, "तागडी धरायला समुद्र ओलांडतोस? खंडेराव मार्केटात चार दिवस उभा राहा, भाजीवाल्या फुकट शिकवतील."

माझी बाजू घेतली ती शेजारच्या रतिकाकांनी. रतिलालकाका कापसाचे दलाल. मराठी आमच्याइतकंच बोलायचे, फक्त मधूनमधून गुजराती पेरून. "जवा दो नी, जाऊ द्या, आबासाहेब! छोकरा हुशार आहे. परत आला की आपल्याच बाजारचा साहेब होईल."

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि हातावर रुमाल टाकून दलालीची मुख्य विद्या शिकवली. सौदा करताना दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात. एक बोट दाबलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. तोंडाने चकार शब्द नाही. शेजारी उभ्या असलेल्याला भावाचा पत्ता लागत नाही. "हे गोऱ्यांना येत नाही हां, बेटा," काका म्हणाले. मला तर ही मानवी बुद्धीची कमाल वाटली.

आता जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. मुंबईला सकाळच्या गाडीने जा. बोटीच्या आदल्या दिवशी पोचलेलं बरं. बोटीवर खोली शक्य तितकी मधोमध मागा, टोकाची खोली झोपाळ्यासारखी हलते. एडनपर्यंत मी फक्त लिंबाच्या लोणच्यावर जगलो, तेव्हा बरणी भरून न्या. जेवणाच्या टेबलावर प्रत्येक मांस कशाचं आहे ते विचारून घ्या, लाजू नका. पोर्ट सैदला एक फेरीवाला तुम्हाला अस्सल प्राचीन मूर्ती विकेल. मीही घेतली. बोटीवर आल्यावर कळलं की आमच्यापैकी नऊ जणांकडे तीच प्राचीन मूर्ती आहे. मार्सेलिसला उतरून आगगाडी धरलीत तर आठवडाभराचा समुद्र वाचतो. मी धरली, आणि जमिनीवर पाय ठेवताच दोन माणसांचं जेवलो.

लंडनला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि उजेड आपल्याकडच्या दिवेलागणीचा होता. पहिली खोली पाहिली ती एका विधवा बाईंच्या घरी. आठवड्याला तीस शिलिंग, न्याहारीसकट. मी म्हटलं, विद्या वापरायची ती आताच. खिशातून रुमाल काढला, बाईंच्या हातावर टाकला आणि खालून अदबीने त्यांची दोन बोटं धरली. म्हणजे दोन दहा, वीस.

बाई निश्चल झाल्या. मला वाटलं, विचार करतायत. मी पुन्हा दोन बोटं दाबली.

"मिस्टर," त्या हळूच म्हणाल्या, "माझे यजमान जाऊन अजून वर्षसुद्धा झालेलं नाही."

खुलासा करता करता मला घाम फुटला. बाई आधी लाल झाल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं. खोली तीसलाच मिळाली, पण पुढे दोन वर्षं मला रोज एक अंडं जास्त मिळत होतं. भाड्याची घासाघीस तोंडानेच करा, एवढं लक्षात ठेवा.

कॉलेजचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. व्याख्यानं समजायची, पण लिहायला बसलो की सगळं भुर्र. हिशेबतपासणीचा पेपर इतका वाईट गेला की मी आबांना पत्रात हवामानाबद्दलच चार पानं लिहिली. उरली होती ती तोंडी परीक्षा. दहापैकी पाच गुण मिळाले तर दुसरं वर्ष, नाहीतर पागा.

समोर दोन परीक्षक होते. आमचे पांढऱ्या मिशांचे प्राध्यापक आणि बाहेरून आलेले एक सुकट गृहस्थ. पहिल्या तीन प्रश्नांना मी जे बोललो ते इथे लिहिणार नाही. शेवटी प्राध्यापकांना दया आली. "बरं, तुमच्या गावात भाव कसा ठरतो ते तरी सांगा."

मी रुमाल काढला.

मिशीवाल्यांनी पाच मिनिटांत विद्या आत्मसात केली. मग मला अवदसा आठवली. म्हटलं, "सर, आता खरा सौदा करू. माझ्या गुणांचा." त्यांनी तीन बोटं धरली. मी त्यांचा अख्खा पंजा धरला. ते चारवर आले. मी पंजा सोडेना. त्यांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. अखेर त्यांनीही माझा पंजा गच्च धरला. पाच! माझं काळीज जागेवर आलं.

सुकट गृहस्थ मान लांब करून बघत होते. "अहो, ठरलं काय? मलाही सांगाल का?"

प्राध्यापक हसायला लागले आणि मधेच थांबले. "पाहिलंत? यांना काही कळलं नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमच्या बाजारात ज्याचा कापूस असतो, तो कुठे उभा असतो?"

"गाडीपाशी. बाजूला."

"त्याला भाव कळतो?"

"दलाल सांगतो तेवढा," मी म्हणालो, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडताना मला पहिल्यांदाच ऐकू आले. इतकी वर्षं मी रुमाल पाहिला होता, शेजारचा माणूस पाहिलाच नव्हता. फार लाज वाटली.

"पाच गुण दिले," प्राध्यापक म्हणाले. "पण प्रबंध यावरच लिहायचा."

तो लिहिला. पदवी मिळाली. घर सोडल्यापासून दोन वर्षांनी बडोदे स्टेशनवर उतरलो तेव्हा आबा टांगा घेऊन आले होते. त्यांनी माझा सूट वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "हं. पागेतली जागा मी परवाच दुसऱ्याला द्यायला सांगितली." एवढंच. पण टांगेवाल्याला, वाटेतल्या पानवाल्याला आणि कोपऱ्यावरच्या न्हाव्याला त्यांनी माझी पदवी मोठ्याने ऐकवली.

व्यापार खात्यात रुजू झालो आणि पहिला नियम माझ्याच प्रबंधातून निघाला: कापसाच्या बाजारात भाव मोठ्याने बोलायचा, रुमाल बंद. हुकूम निघण्याआधी मी रतिकाकांना घरी जाऊन सांगितलं. "हे करायला तुला शिकवलं होतं?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ते चहा न देता आत गेले. काकांच्या घरून चहाशिवाय मी त्याआधी कधीच परतलो नव्हतो.

लोक विचारतात, विलायतेहून काय आणलंस? ओव्हरकोट कसरीने खाल्ला. काटा-चमचा घरी कोणी वापरू देत नाही. मित्र दोन मिळाले, ते नाताळला पत्र पाठवतात. तुम्हाला संधी मिळाली तर जरूर जा, पण परत आल्यावर सगळे खूश होतील अशा समजुतीत राहू नका.

नियमाच्या पहिल्या सकाळी मी बाजारात हजर होतो. रतिकाका गोत्री गावच्या एका शेतकऱ्याच्या गाडीपुढे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाकरले आणि आयुष्यात पहिल्यांदा भाव मोठ्याने बोलले. आवाज चिरकला. दोघातिघांनी वर बोली लावली आणि सौदा पक्का झाला.

शेतकरी सवयीने बैलांच्या पलीकडे उभा होता. तो पुढे आला, भाव पुन्हा एकदा विचारून घेतला आणि बोटांवर मोजून पाहिला.

"तो पछी गई साल केटलामां गयो'तो, काका?" त्याने विचारलं. मागच्या वर्षी मग कितीला गेला होता?

भांडणाचा सूर नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. रतिकाकांनी मान खाली घातली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, कारण सूटबूटवाला साहेब मीच होतो. मी घाम पुसायला खिशातून रुमाल काढला, आणि तो पाहताच घाईने परत खिशात घातला.